कोकण किनाऱ्यावरची हिवाळी पायपीट: भरती-ओहोटीच्या हिशोबाने कशी आखावी

किनाऱ्याने चालायला निघणाऱ्यांचं गणित बहुतेक वेळा एकाच जागी चुकतं. आधी सुट्टी बघतात, मग गाव ठरवतात, मग खोली. भरतीची वेळ विचारतात ती थेट पुळणीवर, म्हणजे वाळूच्या किनाऱ्यावर, उभं राहून, पाणी पायाशी आल्यावर. सह्याद्रीत हे खपून जातं, कारण डोंगर सकाळी जिथे असतो तिथेच दुपारी असतो. किनाऱ्याची वाट मात्र दिवसातून दोनदा पाण्याखाली जाते. म्हणून इथे क्रम उलटा लावायचा: आधी ओहोटी, मग तारीख, मग वाट, आणि सगळ्यात शेवटी खोली.

पुढचे टप्पे रायगड, रत्नागिरी आणि सिंधुदुर्गातल्या किनाऱ्यासाठी आहेत. मोसम साधारण नोव्हेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीच्या मध्यापर्यंतचा. दिवसाला आठ-दहा किलोमीटर चालू शकणाऱ्या कोणालाही ही पायपीट झेपते. दोर, गिर्यारोहण असलं काही लागत नाही, फक्त हिशोब लागतो.

टप्पा १: आधी तिथी, मग शनिवार

भिंतीवरची दिनदर्शिका काढा. त्या दिवशीच्या तिथीला पाऊणने गुणलं की पूर्ण भरतीची अंदाजे वेळ मिळते. शुक्ल पक्ष असो की वद्य, मोजणी प्रतिपदेपासून करायची. पौर्णिमा आणि अमावस्या दोन्ही पंधरा धरायच्या.

चतुर्थीचं उदाहरण घ्या. चार गुणिले पाऊण म्हणजे तीन. पहाटे तीनला आणि दुपारी तीनला भरती पूर्ण. भरतीनंतर सहा तास आणि वर थोडी मिनिटं गेली की ओहोटी पूर्ण होते, म्हणजे सकाळी नऊच्या आणि रात्री नऊच्या सुमारास. ही वेळ रोज साधारण 50 मिनिटांनी पुढे सरकते. संकष्टी कधी आहे हे ज्याच्या घरात माहीत असतं, त्याला महिन्यातली एक चांगली तारीख आपोआप माहीत असते, दुसरी विनायकीची.

आता यातून दिवस निवडायचे.

तृतीया ते पंचमी: माझ्या मते महिन्यातले सगळ्यात उपयोगी दिवस. ओहोटी सकाळी आठ ते दहाच्या दरम्यान येते, ऊन चढण्याआधी ओली, कडक वाळू मिळते. शिवाय उधाण पौर्णिमा-अमावस्येनंतर एक-दोन दिवसांनी कळसाला पोचतं, त्यामुळे तृतीया-चतुर्थीलाही पाणी बऱ्यापैकी लांब जातं. षष्ठीही चालते, फक्त साडेदहाची ओहोटी म्हणजे परतताना ऊन डोक्यावर.

सप्तमी ते नवमी: भांगाचे दिवस. ओहोटी ऐन दुपारी येते, आणि पाणी फार आत जातही नाही, फार वर येतही नाही. रुंद पुळणीवर चालायला हरकत नाही. पण जे खडप, म्हणजे किनाऱ्यालगतचा खडकाळ पट्टा, फक्त मोठ्या ओहोटीला उघडं पडतं, ते या दिवसांत उघडेलच असं नाही. ‘ओहोटी आहे ना’ म्हणून गेलेली माणसं अष्टमीला हमखास फसतात.

द्वादशी ते चतुर्दशी: ओहोटी दुपारी तीन ते साडेचारच्या दरम्यान. संध्याकाळच्या तासा-दोन तासांच्या फेरीला उत्तम, लांबच्या टप्प्याला नाही. डिसेंबरात सूर्य सहाच्या सुमारास मावळतो आणि मग अंधार झपाट्याने पडतो.

पौर्णिमा, अमावस्या, प्रतिपदा: ओहोटी पहाटे आणि दिवेलागणीला, भर दुपारी उधाणाची भरती. दिवसाच्या लांब चालीसाठी याहून वाईट दिवस नाहीत. आणि चांदण्याच्या हौसेपायी नेमकी पौर्णिमाच निवडली जाते. चांदणं बघा जरूर, पण अंगणात बसून.

पाऊणपटीचा हिशोब तारीख निवडण्यासाठी आहे, पाण्यात पाय घालण्यासाठी नाही. त्यात तासाभराची चूक सहज निघते, भांगाच्या दिवसांत त्याहूनही जास्त. तारीख ठरली की त्या दिवसाचं भरतीचं वेळापत्रक बघायचंच. भारतीय सर्वेक्षण विभाग ही वेळापत्रकं काढतो, आणि मोबाइलवरच्या अॅपमध्येही ती मिळतात. अॅपमध्ये बंदर जवळचं निवडा. आपल्या किनाऱ्यावर भरती दक्षिणेकडून उत्तरेकडे सरकते, त्यामुळे मालवणला ती मुंबईच्या आधी येते. मुंबईचं वेळापत्रक घेऊन सिंधुदुर्गात उतरलात तर पाणी तुमच्या आधी हजर असेल. खाडीच्या आतल्या गावांत उलट, मुखापेक्षा उशीर होतो.

भरती एका चालीने चढत नाही, हेही ध्यानात ठेवायला हवं. सहा तासांपैकी पहिल्या तासात एकूण चढावाचा साधारण बारावा हिस्सा चढतो, दुसऱ्यात दोन हिस्से, तिसऱ्या आणि चौथ्यात तीन-तीन. म्हणजे निम्मं पाणी मधल्या दोन तासांत येतं. ‘तासभर झाला, काहीच फरक नाही’ असं म्हणत बसलेला माणूस तिसऱ्या तासात धावत असतो.

म्हणून नियम असा: ओहोटीच्या दोन तास आधीपासून दीड तास नंतरपर्यंत वाट उघडी धरायची. एकूण साडेतीन तास. त्यापलीकडे खडप आणि व्हाळ (समुद्राला मिळणारे ओढे) बंद आहेत असंच समजायचं, डोळ्यांना उघडे दिसले तरी.

*तपासणी:* कागदावर या चार गोष्टींच्या वेळा लिहा: ओहोटी, भरती, सूर्योदय, सूर्यास्त. चारही लिहिता आल्या नाहीत तर दुसऱ्या टप्प्यावर जाऊ नका.

टप्पा २: वाट निवडताना जमीन बघा, फोटो नाही

कोकणच्या किनाऱ्यावर पायाखाली चार प्रकार येतात: पुळण, खडप, खाडीचं मुख आणि वरचा सडा, म्हणजे कड्यावरचं कातळाचं पठार. प्रत्येकाची चाल वेगळी. माझा हिशोब असा: ओल्या कडक वाळूवर तासाला चार किलोमीटर, कोरड्या भुसभुशीत वाळूवर त्याच्या निम्मे, खडपावर एक ते दीड. नकाशावर सहा किलोमीटर दिसलं म्हणून दीड तास धरणारे खडपावर चार तास घालवतात.

पहिल्यांदा जात असाल तर एकसलग पुळण घ्या. गुहागर किंवा दिवेआगर यासाठी चांगले. लांब, सरळ किनारा, पाठीशी गाव, कुठूनही वर निघता येतं. तारकर्लीहून देवबागच्या टोकापर्यंतची वाळूची पट्टीही सोपी आहे. एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला कर्ली नदी. फक्त टोकाला, जिथे नदी समुद्राला मिळते, तिथे पाण्यात उतरायचं नाही. वरून शांत दिसलं तरी खाली ओढ असते.

थोडी चढउतार हवी असेल तर पुळण आणि टेकडी एकत्र असलेली जागा घ्या. निवतीचा किल्ला आणि खालची भोगव्याची पुळण हा त्यातला माझा आवडता जोड: तासाभरात किल्ला बघून होतो आणि वरून अख्खी पुळण दिसते, म्हणजे उतरण्याआधीच पाणी कुठे आहे ते कळतं. रेवदंड्याजवळ कोर्लईचा किल्ला भूशिरावर आहे आणि पायथ्याशी दीपगृह. रत्नागिरी आणि गणपतीपुळ्याच्या मधलं आरे-वारे वरच्या रस्त्यावरून बघायलाच जास्त चांगलं. खालून जायचंच असेल तर दोन पुळणींमधला डोंगर रस्त्याने ओलांडा, पायथ्याच्या खडकांवरून नाही.

उपग्रहाच्या नकाशावर डोळे झाकून विश्वास ठेवू नका. चित्र ओहोटीला टिपलेलं असेल तर दोन पुळणींच्या मधे छान वाळूची पट्टी दिसते, आणि भरतीला तिथे कड्याच्या पायथ्याशी पाणी आपटत असतं. जुन्या तारखांची चित्रं बघता येतात, तीन-चार बघा. एकातही पट्टी गायब दिसली तर ती वाट ओहोटीची समजा.

*तपासणी:* पूर्ण वाटेवर वर चढायच्या जागा मोजा: पाखाडी, गाडीवाट, पायवाट, काहीही. कड्याखालून अर्ध्या तासाहून जास्त चालायचं आहे आणि मधे वर निघायला एकही जागा नाही, अशी वाट सोडून द्या. दुसरी मिळते.

टप्पा ३: वेळ शेवटाकडून मांडा

सकाळी सातला निघू, मग बघू, हा बेत नव्हे. अवघड जागा कोणती ते आधी ठरवायचं, ती ओहोटीच्या वेळेवर टाकायची, आणि बाकीचा दिवस तिच्या मागेपुढे बसवायचा. वाट कुठल्या दिशेने चालायची हेसुद्धा त्यातूनच ठरतं.

हरिहरेश्वर ते वेळास ही वाट उदाहरणाला घेऊ. मधे सावित्रीची खाडी आहे. ती बागमांडल्याहून वेशवीला जाणाऱ्या फेरीबोटीने ओलांडायची, मग बाणकोटचा किल्ला, मग वेळासची पुळण. या सगळ्यात भरतीला खरोखर बंद होणारी जागा एकच: हरिहरेश्वरची प्रदक्षिणा. देवळामागून वाट वर चढते, मग पायऱ्या दोन कातळांमधून सरळ समुद्राकडे उतरतात आणि पुढे लाटांनी कोरलेल्या खडपावरून परत यायचं. इथे लाटेने माणसं ओढून नेलेली आहेत. सूचनाफलक शोभेला लावलेले नाहीत.

चतुर्थी आहे, ओहोटी नऊला, असं धरू. सव्वासातला देवळापाशी, पावणेआठच्या आत खडपावर, पावणेनऊच्या आत बाहेर. पाणी उतरत असतानाच आपण मोकळे होतो, उशीर झाला तरी हाताशी वेळ उरतो. मग चहा-नाश्ता, रस्त्याने बागमांडले, फेरीबोट, आणि दुपारचं ऊन बाणकोटच्या बाजूला सावली बघून काढायचं. तीनला भरती पूर्ण होते तेव्हा आपण किल्ल्यावर असतो, तिथे तिचा काही त्रास नाही. पाचच्या सुमारास वेळासच्या पुळणीवर पोचेपर्यंत पाणी दोन तास उतरलेलं असतं. सहाच्या आत गावात.

हीच वाट वेळासहून सुरू केली तर? दुपारी तीनला, भरतीच्या टोकावर, हरिहरेश्वरला पोचाल. आणि मग तेच वाक्य येतं, ‘एवढं लांब आलोय तर पायऱ्या उतरून नुसतं बघून तरी येऊ.’ तेव्हा चतुर्थीला ही वाट उत्तरेकडून दक्षिणेकडे. त्रयोदशीला, ओहोटी चारच्या सुमारास असताना, उलट दिशाही चालेल, पण साडेतीनला खडपावर पाय पडणार असेल तरच.

फेरीबोटीची शेवटची फेरी किती वाजता, हे आदल्या दिवशी जेट्टीवर विचारून घ्या. हेच आगरदांडा-दिघी, दाभोळ-धोपावे आणि तवसाळ-जयगड या फेऱ्यांनाही लागू. चालणाऱ्याला रांगेचा त्रास नाही, गाड्यांच्या कडेने तो सरळ बोटीत जातो. नाताळ ते नवं वर्ष या आठवड्यात मात्र सगळंच तुंबतं. त्या दिवसांत मी किनाऱ्यावर जात नाही, तुम्हीही जाऊ नका.

परतीची एसटी हा दुसरा खुंटा. आडगावांत सकाळी निघणारी गाडी म्हणजे आदल्या रात्रीची मुक्कामी गाडी असते, आणि तिच्यानंतर थेट दुपारी. शेवटच्या गाडीच्या तासभर आधी चाल संपली पाहिजे.

*सावधान:* बेतात ‘धावलं तर जमेल’ अशी एकही जागा नको. वाळूत धावता येत नाही.

टप्पा ४: सामान

थोडक्यात सांगतो, कारण इथे लोक फार वेळ घालवतात.

बूट जुने, पाणी निथळणारे, भिजले तरी चालतील असे. चामड्याचे नकोत. व्हाळ ओलांडायला मागे पट्टा असलेली सँडल; साधी चप्पल गाळात राहते आणि तुम्ही पुढे जाता. माणशी तीन लिटर पाणी. हिवाळा म्हणून कमी घेऊ नका. पहाटे अंगाला गारवा लागतो खरा, पण अकरानंतर तापमान तिशीच्या वर जातं आणि किनाऱ्यावर सावली नसते. पूर्ण बाह्यांचा सुती शर्ट, मानेवर येणारी टोपी, विजेरी, शिट्टी, छातीपर्यंत उंच काठी. फोन आणि पैसे पाणी न शिरणाऱ्या पिशवीत. कोरडे मोजे दोन जोड, ते विसरलात तर तिसऱ्या तासाला लेख आठवेल.

टप्पा ५: गावात विचारायचं, पण नीट

‘इथून पुढे जाता येतं का?’ हा प्रश्न विचारू नका. उत्तर ठरलेलं असतं: ‘जाल की.’ सांगणारा खोटं बोलत नसतो. तो स्वतः जातो, लहानपणापासून जातोय, आणि कधी जायचं ते त्याला विचार न करता कळतं. तुम्हाला कळत नाही, हे त्याच्या डोक्यात येत नाही.

त्याऐवजी जाळी विणत बसलेल्या किंवा होडी ओढणाऱ्या माणसाला तीन गोष्टी विचारा. काका, आज पाणी किती वाजता भरायला लागेल? व्हाळ तुम्ही कुठून ओलांडता? आणि मधेच भरती आली तर वर कुठून चढता? तिसऱ्या प्रश्नावर माणूस दोन क्षण थांबतो आणि मग खरी माहिती देतो. कधी कधी ‘आज नका जाऊ’ हेही तेव्हाच निघतं. ते ऐका. वेळापत्रक बंदराचं असतं, हा माणूस त्या पुळणीचा असतो.

भारतीय हवामान विभागाचा अंदाज आणि हैदराबादच्या इन्कॉइस या सरकारी सागरी माहिती केंद्राचा लाटांबाबतचा इशाराही निघण्याआधी बघून घ्या. हिवाळ्यात समुद्र सहसा शांत असतो, पण दूर कुठे वादळ झालं की इथे निरभ्र आकाशाखाली मोठ्या लाटा येऊ शकतात.

टप्पा ६: पुळणीवर चालताना

सकाळी मतलई वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहतो, दुपारनंतर खारा वारा उलट आत येतो आणि जोर धरतो. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडे झुकलेला असतो, त्यामुळे सकाळी दक्षिणेकडून उत्तरेकडे चाललं की ऊन पाठीवर राहतं. दिशेबद्दल खडप किंवा व्हाळ काही सांगत नसेल, तर हे ऐका.

पाय कुठे टाकायचा? लाट परतल्यावर जी वाळू काळसर आणि कडक राहते, त्या पट्ट्यात. त्याच्या वर भुसभुशीत, खाली पाणी. पुळणीला समुद्राकडे उतार असतो, म्हणून एक पाय सतत खाली पडतो. तासाभराने गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला कळ येते. मधून मधून सपाट वाळूवर या, कोरडी असली तरी.

अनवाणी चालायची हौस पहिल्या किलोमीटरपुरती ठेवा. काच, गळ, जाळ्याचे तुकडे आणि मेलेले जेलीफिश सगळंच वाळूत असतं. मेलेल्या जेलीफिशचाही दंश होतो. झाला तर समुद्राच्याच पाण्याने धुवा, गोड्या पाण्याने नाही. गुडघाभर पाण्यातून जाताना पाऊल उचलून टाकू नका, घासत न्या. वाळूत बसलेलं पाकट (शेपटीला काटा असलेला चपटा मासा) त्याने आधीच सरकतं. रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं, ओढत असतील तर दोरावरून उडी मारू नका, वरच्या बाजूने वळसा घाला.

टप्पा ७: खडपावर

इथे घाई करणारे पडतात. खडपाचे तीन रंग ओळखायला शिका. कोरडा, फिका कातळ सुरक्षित. हिरवा किंवा काळा ओलसर म्हणजे शेवाळ. त्यावर बुटाचा कुठलाही तळ टिकत नाही. पांढरट खरखरीत थर म्हणजे कालवं. पाय टिकतो, पण हात टेकलात तर तळवा फाटतो.

खडपावर उतरण्याआधी दहा मिनिटं उभे राहा आणि नुसतं बघा. लाटा सारख्या नसतात, मधेच तीन-चार मोठ्या येतात. सगळ्यात मोठी जिथवर पोचली तिथून चार पावलं वरून वाट धरा. कातळ ओला असेल तर लाट तिथे येऊन गेली आहे, आणि पुन्हा येणार आहे. हेदवीच्या बामणघळीत लाट चिरेत शिरून उंच उडते ते बघायला लोक भरतीलाच जातात. ते ठीक, पण बघायचं लांबून. घळीच्या काठावर पाठ समुद्राकडे करून फोटो काढणाऱ्याला कोणी काही सांगू शकत नाही.

*तपासणी:* खडपाच्या मध्यावर घड्याळ बघा. ओहोटीची वेळ उलटून गेली असेल आणि अजून निम्मं बाकी असेल, तर परत फिरा. मागची वाट कशी आहे हे तुम्हाला ठाऊक आहे, पुढची ठाऊक नाही.

टप्पा ८: व्हाळ आणि खाडी

सगळ्यात जास्त चुका इथे होतात, त्यातली एक माझी. एका पुळणीवर सकाळी घोटाभर पाण्यातून व्हाळ ओलांडला, पलीकडे टेकडीवर रेंगाळलो, जेवलो, झोप काढली. दोनला परत आलो तर तोच व्हाळ कमरेच्या वर आणि पाणी समुद्राकडून आत शिरत होतं. ‘सकाळी तर ओलांडला होता’ म्हणत उतरलो. पाचव्या पावलाला खालची वाळू सरकली आणि पाठपिशवीने मला आडवं केलं. बाहेर आलो, पण फोन, डबा आणि अक्कल यातलं पहिलं तिथेच राहिलं. मग शेतांतून पुलापर्यंत दीड तास.

त्यानंतर शिकलेलं असं. मोठी खाडी पायी कधीच ओलांडायची नाही. सावित्री, वाशिष्ठी, शास्त्री, मुचकुंदी, कर्ली यांच्या मुखाशी ओहोटीला वाळूचे दांडे उघडे पडतात आणि पलीकडचा काठ हाकेच्या अंतरावर वाटतो. मधला प्रवाह खोल असतो. होडी, फेरीबोट किंवा पूल, चौथा पर्याय नाही.

लहान व्हाळ ओलांडायचा क्रम:

1. ओहोटीच्या आसपासच, शक्यतो पाणी अजून उतरत असताना. म्हणजे अंदाज चुकला तरी पुढे पाणी कमी होतं, वाढत नाही.
2. जागा रुंद बघा, अरुंद नाही. पुळणीवर पसरून वाहणारा व्हाळ उथळ असतो. वर झाडांपाशी उडी मारण्याएवढा अरुंद दिसतो तिथे तो खोल असतो आणि काठ चिखलाचा.
3. पाठपिशवीचा कमरेचा आणि छातीचा पट्टा सोडा. पडलात तर पिशवी टाकून देता आली पाहिजे.
4. सँडल घालूनच उतरा, काठी प्रवाहाच्या वरच्या बाजूला टेकवा, प्रवाहाकडे तोंड करून आडवं सरका. काठी, पाय, पाय. एका वेळी एकच हलवायचं.
5. पाणी गुडघ्याच्या वर गेलं की परत. मांडीपर्यंत बघू, असं नाही.

खारफुटीच्या बाजूचा गाळ वाळूपेक्षा वाईट. खाजणातून, म्हणजे खाडीकाठच्या खाऱ्या दलदलीतून, जवळची वाट काढू नका, बांधावरून जा. पाय रुतलाच तर दुसरा पाय जोराने रोवू नका. मागे झुका, वजन पसरा, काठी आडवी धरा आणि रुतलेला पाय हलवत हलवत सैल करा. बूट गेला तर जाऊ द्या.

टप्पा ९: सड्यावरून

राजापूरपासून देवगडपर्यंत कडे जांभ्याचे आणि वर सपाट सडा. खालची वाट बंद असली की वर चढून यायचं, म्हणून सडा ही भरतीच्या वेळची वाट. देखणा आहे, मोकळा आहे आणि दुपारी तव्यासारखा तापतो. अकरा ते तीन तिथे नको.

गवत वाळलेलं असतं, कुसळं मोज्यांत घुसतात. विडी-काडी अजिबात नाही. एका ठिणगीने वणवा लागतो आणि त्याच्या वाटेत कोणाची तरी कलमं असतात. जांभ्यात फुरसं हा विषारी साप असतो. लहान, मातकट, दगडाशी एकरूप झालेलं. म्हणून गडग्यावर, म्हणजे दगडी कुंपणावर, हात टेकायचा नाही, दगड उलटायचा नाही, बसण्याआधी काठी आपटायची. चावलं तर चिरा-बिरा काही नाही, बांधाबांध नाही. हालचाल थांबवून रुग्णवाहिकेसाठी 108 ला फोन.

डिसेंबर-जानेवारीत आंब्याला मोहोर येतो आणि बागांत फवारणी चालू असते. गडगा आणि बेडं (कुंपणाचं फाटक) ओलांडून आत शिरू नका, राखणदार वाट दाखवेल तिथूनच जा. कातळशिल्पं दिसली तर बुटाने त्यावर चढू नका. ती कातळावरच कोरलेली असल्याने पटकन लक्षात येत नाहीत, म्हणून आखलेल्या किंवा दगडांनी वेढलेल्या जागी आधी थांबून बघा.

कड्याची कड चालण्यासाठी नाही. खालून लाटांनी पोखरलेला जांभा वरून अखंड दिसतो. कडेपासून दोन माणसांच्या उंचीएवढं अंतर ठेवा.

टप्पा 10: बिघडलं तर

पाण्याने दोन्ही बाजू बंद केल्या आणि मधे अडकलात, तर पहिलं काम वर चढणं, पुढे जाणं नाही. भरतीच्या रेषेच्या वर, म्हणजे जिथे झाडोरा किंवा कोरडी माती आहे तिथे, बसा. सहा तासांत पाणी पुन्हा उतरतं. थंडीने कोणी गारठत नाही, पाणी आणि विजेरी जवळ असली की भागतं. कंटाळा येतो. तो येऊ द्या. माणसं बुडतात ती थांबल्यामुळे नाही, ‘अजून थोडंच आहे’ म्हणून उतरल्यामुळे.

अंधार पडला तर पुळणीवरूनही चालत राहू नका, गावाचा दिवा धरून आत जा. कोणी पाण्यात गेलं असेल तर मागोमाग उडी घेऊ नका. काठी, दोर, रिकामी बाटली, जे तरंगेल ते फेका आणि ओरडून मच्छीमारांना बोलवा. होडीवाला पोलिसांच्या आधी पोचतो. फोन 112 ला, समुद्रातल्या बचावासाठी तटरक्षक दलाच्या 1554 ला. कड्याखाली बहुतेक जागी रेंज नसते. म्हणून कुठून निघालो, कुठे पोचणार आणि किती वाजेपर्यंत फोन आला नाही तर शोध घ्यायचा, हे मुक्कामाच्या घरी वहिनींना किंवा काकांना कागदावर लिहून द्या. आणि पोचलात की तो फोन आठवणीने करा, नाहीतर अर्धं गाव विजेऱ्या घेऊन किनाऱ्यावर उभं असतं.